कॉलेजजवळ भाड्यासाठी फ्लॅट घ्यावा का? सोलापूरचा हिशेब

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. वडील जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाले, हाताशी 14 लाख आहेत. केगावला विद्यापीठाच्या बाजूचा 32 लाखांचा टू बीएचके तुम्हाला दाखवलाय. 18 लाख कर्ज काढा, कॉट बेसिसवर, म्हणजे खाटेमागे भाडं घेऊन, सहा मुलं ठेवा, प्रत्येकी 3 हजार म्हणजे महिन्याला 18 हजार, बँकेचा हप्ता परस्पर निघतो, असं एजंटनं सांगितलंय. राहतं घर जुळे सोलापुरात आहे, फक्त तळमजला बांधलेला, वर गच्ची मोकळी. तर फ्लॅट घ्यावा का?

हा फ्लॅट घेऊ नका. पण विद्यार्थ्यांना घर भाड्यानं देण्याचा विचार सोडूही नका. विद्यार्थ्यांना खोल्या देणं आणि इतरांच्या अशा घरांचा कारभार बघणं हेच माझं काम आहे, त्यामुळे एक गोष्ट खात्रीनं सांगतो: आपल्या गावात जवळचं कॉलेज उद्या बंद पडलं तरी ज्याला भाडेकरू मिळेल, तेच घर भाड्यासाठी घ्यावं. विद्यार्थी मिळाले की ते घर जास्त देईल, पण त्याचं पोट एकट्या कॉलेजवर नसावं.

आधी एजंटचा हिशेब सरळ करू. साडेआठ टक्के व्याज आणि 15 वर्षं मुदत धरली तर 18 लाखांचा हप्ता साधारण 17,725 रुपये येतो. म्हणजे सहाही कॉट बाराही महिने भरलेल्या असल्या आणि खर्च शून्य असला, तर हप्ता जेमतेम निघतो. तसं कधी होत नाही. विद्यार्थी मे-जूनमध्ये परीक्षा संपली की गादी गुंडाळून गावी जातो आणि त्या दोन महिन्यांचं भाडं बहुतेक पालक देत नाहीत. नवे प्रवेश सीईटीच्या फेऱ्या होईपर्यंत लांबतात, मेडिकलचे तर दिवाळीच्या तोंडाशी येतात. म्हणून वर्ष दहा महिन्यांचं धरायचं आणि सहापैकी एक कॉट रिकामी धरायची. पाच मुलं, 3 हजार, दहा महिने: 1,50,000. त्यातून अपार्टमेंटचा मेंटेनन्स 12 हजार, महापालिकेचा कर 9 हजार, टँकर, मोटार, नळ, फ्लश, रंगरंगोटी मिळून 25 हजार वजा करा. हे आकडे मी अंदाजानं धरलेत, तुमच्या इमारतीचे खरे आकडे मागून घ्या. उरले 1,04,000.

आता घातलेली रक्कम बघा. 32 लाखांवर महापालिका हद्दीत 6 टक्के मुद्रांक शुल्क, 30 हजार नोंदणी फी, शिवाय कॉट, गाद्या, कपाटं, पंखे, गीझर असे दीड लाख. सगळं मिळून 35 लाख 70 हजारांच्या आसपास. त्यावर वर्षाला एक लाख चार हजार म्हणजे 3 टक्क्यांच्याही आत परतावा. हप्त्यापोटी वर्षाला 2,12,700 जाणार, म्हणजे दरमहा नऊ हजार रुपये खिशातून घालावे लागतील. वडिलांच्या पेन्शनमधून हे घालायचं असेल तर मला ते मुळीच पटत नाही. आईच्या नावे खरेदी केली तर मुद्रांक शुल्कात एक टक्का वाचेल, पण तेवढ्यानं हिशेब पालटत नाही.

आयकराचंही सांगून टाकतो, कारण एजंट हटकून म्हणतो की व्याजाची सूट मिळेल. भाड्यातून महापालिकेचा भरलेला कर वजा होतो, उरलेल्यावर दुरुस्तीपोटी सरसकट 30 टक्के वजावट मिळते, मग व्याज. तुमच्या पहिल्या वर्षात व्याजच दीड लाखाच्या पुढे जाईल, म्हणजे या घराचं उत्पन्न कागदावर 50 हजारांहून जास्त तोट्यात. जुन्या करपद्धतीत असा तोटा वर्षाला 2 लाखांपर्यंत इतर उत्पन्नातून वजा करता येतो. नव्या करपद्धतीत तो पगारातून किंवा पेन्शनमधून वजा होत नाही. तुम्ही आणि वडील कोणत्या पद्धतीत आहात ते आधी बघा.

हिशेबापेक्षाही मला जास्त खटकते ती जागा. विद्यापीठ म्हटलं की हजारो मुलं तिथंच राहत असतील असं वाटतं. आपलं पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ 2004 साली स्थापन झालं आणि त्याचं कार्यक्षेत्र एकट्या सोलापूर जिल्ह्यापुरतं आहे. केगावच्या आवारात मुख्यतः पदव्युत्तर विभाग आहेत. बीए, बीकॉम, बीएस्सीची मुलं बार्शी, पंढरपूर, सांगोल्यापासून शहरातल्या दयानंद, संगमेश्वर, वालचंदपर्यंत आपापल्या महाविद्यालयांत शिकतात. म्हणजे केगावला रोज येणारी संख्या नावाच्या मानानं मर्यादित. त्यातही मोठ्या आवारांची स्वतःची वसतिगृहं असतात. वसतिगृहात जागा न मिळालेला किंवा तिथल्या जेवणाला कंटाळलेला, असाच मुलगा तुमच्याकडे येणार.

दुसरी गोष्ट एसटीची. मोहोळ, अक्कलकोट, तुळजापूर ही गावं सोलापूरपासून साधारण 35 ते 45 किलोमीटरवर. विद्यार्थी पासात तिकिटाचा फक्त एक तृतीयांश भाग भरावा लागतो, बारावीपर्यंतच्या मुलींना तर पास मोफत आहे. या गावांचा मुलगा सकाळी घरचा डबा घेऊन निघतो आणि संध्याकाळी घरी जेवतो. त्याचा बाप तुम्हाला 3 हजार का देईल? खोली लागते ती करमाळा, सांगोला, उमरगा, लातूर, इंडी, विजापूर, आळंद अशा लांबच्यांना. घर घेण्याआधी जवळच्या कॉलेजात या पट्ट्यातली मुलं किती, हे प्रवेशाच्या दिवसांत कॉलेजच्या बाहेरच्या झेरॉक्सवाल्याला, मेसवाल्या मावशींना विचारा. त्यांच्याइतकी पक्की माहिती एजंटकडे नसते.

मग जागा कुठली चांगली? सिव्हिल हॉस्पिटल, वैशंपायन मेडिकल कॉलेज, सात रस्ता, रेल्वे लाईन्स हा पट्टा मी पहिला धरतो. मेडिकल कॉलेज 1963 पासूनचं, ते कुठं जाणार नाही. इंटर्न आणि निवासी डॉक्टरांना रात्री-अपरात्री चालत पोचता येईल अशी खोली हवी असते, ते वेळेवर पैसे देतात आणि मे महिन्यात गावी जात नाहीत. नर्सिंगच्या मुली, लॅबमध्ये काम करणारे, रेल्वेच्या विभागीय कार्यालयात बदलून आलेले कर्मचारी, कोर्टात नव्यानं उभे राहिलेले वकील हे सगळे तिथंच घर शोधतात. विद्यार्थी नसला तरी कुलूप लागत नाही ते इथं. अडचण एवढीच की इथं जागा महाग, आणि जुन्या वाड्यांची कागदपत्रं फार तपासून घ्यावी लागतात: वारस किती, पागडीचा (एकरकमी पैसे देऊन नाममात्र भाड्यानं राहणारा जुना) भाडेकरू कुठं दडलाय का, मालमत्ता पत्रकावर नावं कुणाची.

अशोक चौकात वालचंदचं इंजिनिअरिंग आहे, कला-शास्त्र आहे, हिराचंद नेमचंद कॉमर्स आहे. मागणी चांगली. तो भाग यंत्रमागाचा. दिवसरात्र मागाचा आवाज असलेल्या गल्लीत अभ्यास करणारं पोरगं टिकत नाही, म्हणून तिथं घर बघायला दुपारी जा आणि रात्री दहालाही जा. सोरेगाव, विजापूर रोडवर तंत्रनिकेतनं, इंजिनिअरिंग आहेत, आणि तुमचं जुळे सोलापूर त्यांच्या वाटेवरच पडतं. तुळजापूर रोडला तळे हिप्परगा, मंगळवेढा रोडला बेलाटी, अक्कलकोट रोडला कुंभारी इथली कॉलेजं शहराबाहेरची. तिथं कॉलेज हाच एकमेव आधार. काही वर्षांपूर्वी राज्यभर इंजिनिअरिंगच्या हजारो जागा रिकाम्या राहिल्या, शाखा बंद झाल्या, तेव्हा अशा एकट्या पडलेल्या ठिकाणच्या खोल्यांना कुत्रंही विचारत नव्हतं. आणि मार्च 2020 मध्ये तर एका आठवड्यात सगळी पोरं गावी गेली. शहरातल्या घरांत त्या काळात नोकरदार कुटुंबं राहिली, फाट्यावरच्या खोल्या मात्र रिकाम्या पडून राहिल्या.

आता पाणी. सोलापुरात घर भाड्यानं देणाऱ्यानं भाव, फरशी, दर्शनी भाग हे सगळं नंतर बघावं, आधी पाणी बघावं. उजनीचं पाणी, टाकळीचा बंधारा, हिप्परगा तलाव इतके स्रोत असूनही आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, काही दिवसांआड येतं, आणि महापालिकेत नंतर आलेल्या हद्दवाढ भागात तर वेळही पक्की नसते. कुटुंब पाणी राखून वापरतं. सहा मुलं वापरत नाहीत. कपडे स्वतः धुतात, नळ सुरू ठेवून फोनवर बोलतात. माणशी रोज 100 लिटर धरले तरी सहा जणांना पाच दिवसांसाठी 3,000 लिटर साठवण लागते, आणि तीही फक्त तुमच्या फ्लॅटची. अपार्टमेंटमध्ये हौद सामाईक असतो. चौथ्या दिवशी हौद आटला की इमारतीतली बाकीची कुटुंबं तुमच्या पोरांकडे बोट दाखवणार, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. कॉट बेसिसवरच्या फ्लॅटची भांडणं मी जेवढी मिटवली, त्यातली बहुतेक पाण्यावरून सुरू झालेली होती.

बोअर आहे म्हणून निश्चिंत होऊ नका. आपल्या काळ्या पाषाणातली बोअर जानेवारीपर्यंत भरभरून देते आणि एप्रिलात हवा ओढायला लागते, नेमक्या परीक्षेच्या दिवसांत. पाणी क्षाराचं, त्यामुळे गीझर, शॉवर, वॉशिंग मशीन लवकर खराब होतात. म्हणून घर बघायचं ते एप्रिल-मे मध्ये. शेजारच्या बाईंना विचारा, नळाला पाणी किती दिवसांआड येतं, किती वेळ टिकतं, वरच्या मजल्यावर दाबानं चढतं का, मागच्या उन्हाळ्यात टँकर किती मागवले. स्वतंत्र हौद, स्वतंत्र टाकी आणि टँकर दारापर्यंत येईल इतका रस्ता, या तीन गोष्टी नसलेलं घर मी विद्यार्थ्यांसाठी कुणालाच घ्यायला सांगत नाही.

उन्हाळ्याचंच आणखी एक. पारा 43-44 ला जातो तेव्हा वरच्या मजल्याचा स्लॅब रात्री बारापर्यंत तापलेला राहतो. अशा खोलीत मूल अभ्यास करू शकत नाही आणि पुढच्या वर्षी येत नाही. गच्चीवर पांढरा उष्णतारोधक लेप, समोरासमोर खिडक्या, शक्य असेल तर वर पत्र्याचं छप्पर. हा खर्च मुलं टिकण्यात परत मिळतो.

केगावच्या फ्लॅटबद्दल शेवटचं. बाळे, केगाव, शेळगी, सोरेगाव हे भाग 1992 च्या हद्दवाढीत महापालिकेत आले. त्या सगळ्या पट्ट्यात गुंठेवारीची, म्हणजे मंजुरीशिवाय गुंठ्या-गुंठ्यानं पाडलेल्या प्लॉटवरची, बांधकामं खूप आहेत. गुंठेवारी कायद्यातल्या 2021 च्या दुरुस्तीनं 31 डिसेंबर 2020 पर्यंतच्या गुंठेवारीला नियमित करून घेण्याची सोय झाली, पण सोय असणं वेगळं आणि प्रत्यक्ष नियमित झालेलं असणं वेगळं. एनए (जमीन बिगरशेती केल्याचा) आदेश, मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र (इमारत वापरायला महापालिकेची परवानगी), मालकीच्या व्यवहारांचा 30 वर्षांचा सर्च रिपोर्ट हातात आल्याशिवाय कुणालाही टोकन देऊ नका. बँक कर्ज द्यायला तयार आहे म्हणजे कागद स्वच्छ आहेत, असं समजू नका. बँकेला तिची रक्कम सुटण्याशी मतलब, तुम्हाला पुढे विकायचंही आहे.

तुमच्या प्रश्नात खरी संपत्ती एका ओळीत येऊन गेली, ती म्हणजे जुळे सोलापुरातली मोकळी गच्ची. जमिनीचा पैसा आधीच घातलेला आहे. 700 चौरस फुटांत संडास-बाथरूमसह तीन खोल्या बसतात. बांधकाम फुटाला 1,800 रुपये धरलं तर 12 लाख 60 हजार, कॉट-कपाटं धरून 14 लाखांत काम होतं, कर्ज शून्य. तीन खोल्यांत सहा मुली, त्यातली एक जागा रिकामी, 3 हजार, दहा महिने: तेच 1,50,000. वाढीव कर, पाणी, दुरुस्ती मिळून 35 हजार गेले तरी 1,15,000 उरतात, म्हणजे 14 लाखांवर 8 टक्के. फ्लॅटची किंमत वाढते तशी या बांधकामाची वाढणार नाही, हे खरं. पण वडिलांच्या पैशाला दरमहा उत्पन्न हवंय, आणि ते इथं आहे. उद्या विद्यार्थी नको झाले तर बँकेतल्या, एमएसईबीतल्या एखाद्या कुटुंबाला अख्खा मजला देता येईल.

मी मुली म्हटलं ते मुद्दाम. खाली आई-वडील राहतात ही गोष्ट पालकांच्या दृष्टीनं फार मोठी आहे. इंडीहून मुलीला पहिल्यांदा बाहेर ठेवणारा बाप फरशी बघत नाही, तुमच्या आईशी दहा मिनिटं बोलतो आणि ठरवतो. त्याला चार शब्द कानडीत विचारलेत तर अर्धं काम तिथंच झालं. मात्र जिना बाहेरून स्वतंत्र हवा, जिन्यात दिवा हवा, कॅमेरा फक्त फाटकावर. घरमालकानं न सांगता वर जायचं नाही, हे वडिलांना आणि घरातल्या सगळ्यांना आधीच बजावा. मुलींना सगळ्यात जास्त त्रास होतो तो याचाच. मायेनं डोकावलात तरी त्यांना तो पहाराच वाटतो.

आणि जात, धर्म विचारून खोली नाकारू नका. हे मी कळकळीनं सांगतो. चांगले गुण मिळवून आलेली पोरं आडनाव सांगितल्यावर दारातून परत जाताना मी या शहरात बघितली आहेत, आणि ते बघून घशाखाली घास उतरत नाही. तुमचे वडील शिक्षक होते, त्यांना मी काय सांगणार! व्यवहार म्हणूनही बघा: स्वाधार योजनेत अनुसूचित जाती आणि नवबौद्ध मुलांना, तर पंजाबराव देशमुख योजनेत इतर काही मुलांना राहण्या-जेवणाचा भत्ता खात्यात मिळतो. तो उशिरा येतो, तेवढं सांभाळून घ्या, आणि भाड्यानं राहत असल्याचा कागद मागितला तर लगेच द्या.

करार तोंडी ठेवू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999, कलम 55 प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत असायलाच हवा, आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदणी नसेल आणि वाद झाला तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं, शिवाय मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5 हजारांपर्यंत दंड अशी तरतूद आहे. दीड लाखाच्या वार्षिक भाड्याला पाव टक्क्यानं मुद्रांक शुल्क चारशेच्या आत, महापालिका हद्दीत नोंदणी फी 1,000, आणि हे काम घरी बसून ऑनलाइन होतं. अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करा. मुदत संपल्यावरही कुणी खोली सोडली नाही, तर कलम 24 प्रमाणे सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं आणि ठरलेल्या भाड्याच्या दुप्पट रक्कम मागता येते. डिप्लोमाची, अकरावी-बारावीची मुलं 18 च्या आतली असतात, त्यांच्या सहीला किंमत नाही, करार वडिलांशी किंवा आईशी करा. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्याला द्या. दोन महिन्यांची अनामत पुरे, आणि जाताना ती हसतमुखानं परत द्या. पुढच्या वर्षीच्या दोन मुली तीच पाठवणार असते.

जेवणाच्या भानगडीत पडू नका. मेस चालवणं हा वेगळा धंदा आहे, त्याचं उत्पन्न घरभाडं म्हणून धरलं जाईलच असं नाही, आणि आईचं वय बघता ते ओझं नको. वर एक ओटा आणि सिंक द्या, इंडक्शनवर चहा-मॅगी होईल, डबा बाहेरून येईल. प्रत्येक खोलीला सब-मीटर बसवा म्हणजे लाईट बिलावरून बोलणी होत नाहीत. जीएसटीची भीती कुणी घातली तर मनावर घेऊ नका: जुलै 2024 पासून सलग 90 दिवस राहणाऱ्याला माणशी महिना 20 हजारांपर्यंतची राहण्याची सोय करमुक्त आहे.

आता या आठवड्यात करायचं ते. जुना बांधकाम परवाना आणि नकाशा काढा. पाया आणि कॉलम किती मजल्यांसाठी धरलेत ते त्यात बघा आणि आरसीसी डिझाइन करणाऱ्या इंजिनिअरला घरी आणून प्रत्यक्ष तपासून घ्या. लोड बेअरिंगचं, म्हणजे कॉलमशिवाय नुसत्या भिंतींवर उभं, घर असेल तर वरच्या बांधकामाचा विचार तिथंच थांबवा, मग आपण सात रस्त्याच्या बाजूला वन आरके (एक खोली आणि स्वयंपाकघर) शोधू. पाया चांगला निघाला तर आर्किटेक्टकडून वाढीव मजल्याचा नकाशा महापालिकेत दाखल करा. परवानगीशिवाय वीट लावू नका, नंतर करआकारणीत आणि विक्रीत तेच आडवं येतं. दिवाळीनंतर काम सुरू केलं तर मेपर्यंत स्लॅब, प्लास्टर, रंग होऊन खोल्या वाळतात, आणि प्रवेशाच्या दिवसांत पालक घर बघायला येतील तेव्हा दाखवायला तयार असतात. हौद मात्र सगळ्यात आधी खोदा, बांधकामालाच पाणी लागणार आहे.